उसाच्या फडातले भय : अल्प भांडवलाच्या भयपटाचे बळ आणि उणिवा

भयपट हा चित्रपटाचा बहुधा एकमेव प्रकार आहे, ज्यात पैशाची चणचण काही काळ तरी दिग्दर्शकाच्या बाजूने काम करते. ऐतिहासिक चित्रपटात दरबार ओस दिसला किंवा सैन्य म्हणून वीसच माणसे धावली, की प्रेक्षक हसतो. भयपटात ओस पडलेली जागाच कामाची असते. बंद दार, त्यापलीकडे कोणीतरी असल्याची चाहूल आणि दाराकडे पाहणारा एक चेहरा एवढ्यावर पाच मिनिटे निभावतात, आणि त्यांना जवळजवळ काहीच खर्च येत नाही. खर्च येतो तो दार उघडल्यावर. पलीकडे जे आहे ते दाखवायचे तर रंगभूषा आणि संगणकीय दृश्ये लागतात. ते तिथे का आहे हे सांगायचे तर गतकाळ उभा करावा लागतो, आणि त्यासाठी पैशापेक्षाही पक्की पटकथा लागते. धास्ती स्वस्तात निर्माण होते, खुलासा महाग पडतो. स्वतंत्र भयपटाची ताकद आणि त्याचे बहुतेक दोष या एकाच व्यवहारातून निघतात. २०१७ साली प्रदर्शित झालेला विशाल फुरिया यांचा ‘लपाछपी’ हा मराठी चित्रपट त्याचा सर्वांत बोलका दाखला आहे.

हा व्यवहार जुना आहे. १९४२ साली हॉलिवूडच्या आरकेओ या संस्थेने निर्माते व्हॅल ल्यूटन यांना तुटपुंजी रक्कम देऊन ‘कॅट पीपल’ करायला लावला. ल्यूटन आणि दिग्दर्शक जाक तूर्नर यांनी दुसऱ्या चित्रपटांसाठी उभारलेले नेपथ्य पुन्हा वापरले आणि हिंस्र श्वापद शक्य तितके सावलीतच ठेवले. रात्रीच्या रस्त्यावरून एकटी चालणारी बाई, मागून येणारी पावले, ती पावले अचानक थांबणे आणि नेमक्या त्या क्षणी कर्कश आवाज करत येऊन थांबलेली बस, हा त्यातला प्रसंग आजही अभ्यासला जातो. प्रेक्षकाला दचकवते ती एक साधी बस. १९९९ च्या ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’ने मेरीलँडच्या जंगलात तीन अनोळखी नट आणि त्यांच्याच हातातले कॅमेरे यांवर सगळा चित्रपट पेलला. ओरेन पेली यांनी ‘पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी’ स्वतःच्या घरात, आठवडाभरात, सुमारे १५ हजार डॉलरमध्ये चित्रित केला. या सर्वांत जे दाखवले गेले नाही, त्याच्यावरच चित्रपट उभा राहिला.

भारतात हा मार्ग रामसे कुटुंबाने धरला. १९७० च्या ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ या पडलेल्या चित्रपटात पृथ्वीराज कपूर भयानक मुखवटा चढवून चोरी करतात, तेवढ्या प्रसंगाला प्रेक्षक पुन्हा पुन्हा येतात हे रामसे बंधूंच्या लक्षात आले. मग घरातलीच माणसे आणि मोजके नट घेऊन ते महाबळेश्वरला गेले. विश्रामगृहात मुक्काम, तिथेच चित्रीकरण, घरच्या बायकांकडे स्वयंपाक आणि रंगभूषेतली मदत, अशा पद्धतीने १९७२ चा ‘दो गज जमीन के नीचे’ तयार झाला. एक जागा, थोडी माणसे आणि थोडे दिवस हा हिशेब तेव्हापासून बदललेला नाही. रामसेंनी मात्र लवकरच न दाखवण्याचा संयम सोडला. रबरी मुखवटा जितका जवळून आणि जितका वेळ दिसू लागला तितकी भीती पातळ होत गेली, आणि त्यांचे नाव पुढे कौतुकाइतकेच चेष्टेत घेतले जाऊ लागले.

मराठीत अडचण वेगळी होती. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांनी मराठी वाचकाला भयकथेची पक्की सवय लावली होती. दिवाळी अंकांतून आणि फिरत्या वाचनालयांतून या कथा घरोघरी पोचल्या. पडद्यावर मात्र भूत आले ते विनोदाचा हात धरून. ‘एक डाव भुताचा’ (१९८२), ‘भुताचा भाऊ’ (१९८९), तात्या विंचूचा ‘झपाटलेला’ (१९९३), ‘पछाडलेला’ (२००४) ही लोकप्रिय नावे पाहिली तरी कल लक्षात येतो. यांतले काही चित्रपट उत्तम करमणूक आहेत. तात्या विंचूने एका पिढीची झोपही उडवली. पण कपाटाआड भूत आणि समोर विनोदी नट ही जोडी इतकी रूढ झाली, की भुताकडे गंभीरपणे पाहणारा मराठी चित्रपट काढणे म्हणजे धोका पत्करणे ठरले. विकास देसाई आणि अरुणा राजे यांनी १९८० साली झपाटलेपणाचा विषय गांभीर्याने हाताळला, तो ‘गहराई’ या हिंदी चित्रपटात.

‘लपाछपी’ने हा धोका पत्करला. कथेचा आरंभ साधा आहे. नेहा (पूजा सावंत) गरोदर आहे, दिवस भरत आले आहेत. तिचा नवरा तुषार (विक्रम गायकवाड) पैशाच्या व्यवहारात अडकला आहे आणि त्याच्यामागे माणसे लागली आहेत. काही दिवस लपून राहण्यासाठी ड्रायव्हर भाऊराव (अनिल गवस) दोघांना आपल्या गावी नेतो. तिथे उसाच्या मधोमध एक घर आहे, घरात भाऊरावची बायको तुळसाबाई (उषा नाईक) आहे, आणि नेहाला खेळायला बोलावणारी तीन मुले आहेत, जी इतरांना दिसत नाहीत.

या चित्रपटाचे पहिले मोठे बळ म्हणजे जागेची निवड. भयपटाची परंपरा जुना वाडा, जंगल, पावसाळी रात्र यांत रमलेली आहे. ऊस या सगळ्यांपेक्षा स्वस्त आहे आणि महाराष्ट्राच्या जास्त जवळचा आहे. वाढलेला ऊस माणसाच्या डोक्यावरून जातो. सरीत शिरले की चार पावलांपलीकडचे दिसत नाही. वारा आला की पाने एकमेकांवर घासतात, पायाखाली पाचट वाजते, आणि आपल्याच चालण्याचा आवाज दुसऱ्या कोणाचा वाटू लागतो. दिग्दर्शकाला यासाठी नेपथ्य उभारावे लागत नाही. वरून पाहिले तर हिरव्या पसाऱ्यात एकटे घर, आत उतरले तर कुठूनही कुठेही नेणाऱ्या सऱ्या: एकाच जागेतून मोकळेपणा आणि कोंडमारा दोन्ही मिळतात. नेहा पळते, वळते आणि पुन्हा त्याच ठिकाणी येते. पोटात बाळ असलेली बाई फार वेळ पळू शकत नाही, लपू शकत नाही, वाकू शकत नाही. त्यामुळे मोकळ्या शेतात ती कोणत्याही तळघरातल्यापेक्षा जास्त अडकलेली दिसते.

दुसरे बळ उजेडाचे आहे. रात्रीचे चित्रीकरण अल्प भांडवलाच्या युनिटला झेपत नाही. जनरेटर, मोठे दिवे, वाढीव मेहनताना, जागरणाने मंदावलेले काम, असा प्रत्येक तासाचा खर्च दिवसापेक्षा जास्त असतो. पैसे वाचवण्यासाठी रात्रीचे प्रसंग अपुऱ्या प्रकाशात उरकले तर पडद्यावर नुसता करडा गढूळपणा उरतो. ‘लपाछपी’ आपले बरेच भय टळटळीत दुपारी उभे करते. अंगणात ऊन आहे, घरात शांतता आहे, तुळसाबाई गरोदर मुलीच्या खाण्यापिण्याकडे लक्ष देते आहे, आणि तरीही काहीतरी चुकते आहे असे सतत वाटत राहते. हा निर्णय काटकसरीतून आला असो वा कल्पनेतून, त्याने मराठी भयपटाला नवी वेळ मिळवून दिली. खेड्यातली दुपार, जेव्हा पुरुष बाहेर असतात आणि घर बायकांच्या ताब्यात असते, हीच या कथेची खरी वेळ आहे.

तिसरे बळ उषा नाईक यांचे. ओळखीचे तारे परवडत नाहीत तेव्हा भयपटाला एक भक्कम चरित्र अभिनेत्री लागते, आणि ती मिळाली तर अर्धा चित्रपट तिथेच तरतो. तुळसाबाईची माया आणि तिचा धाक यांच्यात सीमारेषा सापडत नाही. ती मुलीला प्रेमाने भरवते, तेव्हा त्या प्रेमाला हक्काची धार असते. बाळंतपणाच्या काळात घरातल्या मोठ्या बाईचा शब्द शेवटचा असतो हे मराठी प्रेक्षकाला माहीत आहे. त्यामुळे नेहा उलट बोलत नाही, याचे कारण पटकथेला सांगावे लागत नाही. पूजा सावंत यांनीही नेहाला केवळ किंचाळणारी नायिका होऊ दिलेले नाही. तिच्या हालचालींत पोटाचे वजन कायम जाणवते.

भयाच्या मुळाशी चित्रपटाने ठेवलेली गोष्ट खरी आहे: मुलगी नको हा हट्ट. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा कायदा देशात सर्वप्रथम महाराष्ट्राने १९८८ साली केला; केंद्राचा कायदा १९९४ चा. तरीही शून्य ते सहा वर्षे वयोगटात हजार मुलग्यांमागे महाराष्ट्रातल्या मुलींची संख्या २००१ च्या जनगणनेतल्या ९१३ वरून २०११ मध्ये ८९४ वर आली. बीड जिल्ह्यात ती ८०७ इतकी खाली गेली होती. हा जिल्हा दरवर्षी हजारो जोडप्यांना कोयता घेऊन ऊसतोडीला पाठवतो. चित्रपट बीडमध्ये घडत नाही आणि हे आकडेही तो सांगत नाही. पण ऊस आणि नाकारलेली मुलगी या दोन गोष्टी एका चौकटीत आल्या, की मराठी प्रेक्षकाच्या मनात जे हलते ते आयात केलेल्या भूतबंगल्याने हलले नसते. इथे पिशाच्चाची भीती हळूहळू माणसांच्या भीतीत बदलते, आणि हे संक्रमण चित्रपटाच्या पूर्वार्धात फार बारकाईने घडते.

उत्तरार्धात मात्र खुलाशाचा हिशेब चुकता करावा लागतो आणि तिथे चित्रपट ढिला पडतो. मागे काय घडले हे एका पात्राने बसून सांगायचे आणि पडद्यावर ते गतदृश्यांत उलगडायचे, हा सर्वांत सोपा मार्ग पटकथा घेते. तोवर प्रेक्षक स्वतः दुवे जोडत होता. आता त्याला जोडून दिले जातात. गूढाचे नियमही याच टप्प्यावर घाईने ठरतात: काय करायचे, काय टाळायचे, किती काळ टिकायचे. भयपटातला नियम लवकर कळला तर तो मोडण्याची धास्ती वाटते. उशिरा कळला तर तो लेखकाच्या सोयीचा वाटतो. ‘लपाछपी’त ही सोय अधूनमधून दिसते.

आवाजाचा दोष याहून ठळक आहे. जिथे पाचटाचा चुरचुराट आणि दुपारची शांतता पुरेशी होती, तिथे पार्श्वसंगीत पुढे सरसावते आणि दचकण्याची जागा दाखवून देते. अल्प भांडवलाच्या चित्रपटांत हे पुष्कळदा घडते, आणि त्यामागे कारण असते. ध्वनिआरेखन हे संकलनानंतरचे काम, म्हणजे तोवर पैसे संपत आलेले असतात. प्रत्येक खोलीचा, प्रत्येक कपड्याचा, प्रत्येक पावलाचा आवाज वेगळा करून बसवायला वेळ लागतो. वाद्यांचा एक मोठा तडाखा लगेच बसवता येतो. शिवाय वितरकाला चित्रपट दाखवताना शांत प्रसंग ‘संथ’ ठरण्याची धास्ती निर्मात्यालाच असते. मुलांची रंगभूषा आणि संगणकीय दृश्ये यांबद्दलही तेच म्हणावे लागेल. ती क्षणभर दिसतात तेव्हा काम करतात, स्थिरावली की कृत्रिम दिसतात.

सर्वांत अवघड प्रश्न संदेशाचा आहे. सामाजिक विषयाने चित्रपटाला वजन दिले, आणि शेवटाकडे त्याच विषयाने त्याला भाषणाच्या दिशेने ढकलले. जे दोन तास प्रसंगांतून अंगावर आले, ते शेवटी शब्दांत सांगितले जाते. मराठी चित्रपटात ही सवय खोल रुजलेली आहे. निव्वळ घाबरवणे हे पुरेसे प्रतिष्ठित काम वाटत नाही, म्हणून त्याला बोधाचे प्रमाणपत्र जोडले जाते. या विषयाला त्याची गरज नव्हती. तुळसाबाईचा चेहरा ते सगळे आधीच सांगून गेला होता.

हे दोष पैशाच्या अभावामुळे आले की लेखनामुळे, हे तपासण्याची संधी सहसा मिळत नाही. ‘लपाछपी’च्या बाबतीत ती मिळाली. फुरिया यांनी स्वतःच हा चित्रपट हिंदीत ‘छोरी’ या नावाने पुन्हा केला आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये तो ॲमेझॉन प्राइमवर आला. नुसरत भरुचा यांनी गरोदर स्त्रीची आणि मीता वशिष्ठ यांनी यजमानीण बाईची भूमिका केली. भांडवल वाढले, छायाचित्रण सफाईदार झाले, भुतांचे रूप सुधारले, आवाजावर काम झाले. ऊस तसाच राहिला, कारण त्याला पर्याय नव्हता. आणि उत्तरार्धातला लांबलेला खुलासा व शेवटचा उपदेशही तसाच राहिला. म्हणजे रंगभूषा आणि ध्वनी यांचे दोष पैशाचे होते, ते पैशाने दूर झाले. कथनाचे दोष पटकथेचे होते आणि ते मोठ्या रकमेलाही दाद देईनात. उलट सफाई वाढल्याने एक गोष्ट हरवली. मराठी चित्रपटातले घर वापरातले, जरासे मळलेले वाटते. हिंदीतले घर भयपटासाठी सजवल्यासारखे दिसते.

खुलासा पूर्वार्धाच्या तोडीचा करता येतो, याचे उदाहरण मराठी मुळांच्याच ‘तुंबाड’ने (२०१८) दिले. राही अनिल बर्वे यांच्या या हिंदी चित्रपटावर धारपांच्या कथेची छाया आहे, आणि सासवडच्या वाड्यासारख्या खऱ्या जागा व खरा पाऊस हे त्याचे भांडवल आहे. पण तो अल्प भांडवलाचा म्हणता येत नाही. २०१२ मध्ये चित्रीकरण झाले, ते न पटल्याने २०१५ मध्ये पुन्हा झाले, आणि निर्माता-अभिनेता सोहम शाह वर्षानुवर्षे त्यामागे उभे राहिले. हस्तर या लोभी देवाची कथा ‘तुंबाड’ आरंभीच सांगून टाकतो आणि मग लोभ माणसाला कुठवर नेतो एवढेच पाहत राहतो. खुलासा उत्तरार्धावर लादायचा नसेल तर तो आधीच उरकावा, हा धडा कमी पैशांतही गिरवता येतो.

हैदराबादेतल्या मराठी माणसाला या विषयाचा दुसरा धागा घराजवळच, तेलुगू चित्रपटात सापडतो. अमीरपेठेत व्हिडिओ कॅसेटचे दुकान चालवणारे राम गोपाल वर्मा पुढे दिग्दर्शक झाले आणि त्यांनी १९९२ मध्ये रेवतीला घेऊन ‘रात’ (तेलुगूत ‘रात्री’) आणि १९९६ मध्ये ‘देय्यम’ हे भयपट केले. कॅमेरा जमिनीलगत सरकत येणे, रिकाम्या खोलीत उगीच रेंगाळणे, या त्यांच्या खुणा म्हणजे महागड्या भुताची जागा कॅमेऱ्याच्या हालचालीने भरून काढण्याचा उपाय होता. परदेशी चित्रपटांच्या कॅसेटींतून शिकलेली ही विद्या होती आणि तिने तेलुगू भयपटाचा चेहरा बदलला.

२०१२ चा रवी बाबूंचा ‘अवुनु’ याच वाटेवरचा. नवविवाहित मोहिनी (पूर्णा) नव्या घरात राहायला येते आणि तिच्यावर एका अदृश्य पुरुषी आत्म्याची नजर असते. आत्मा दिसत नाही. दिसतात त्याचे परिणाम, आणि ते सगळे पूर्णा यांना अभिनयातून उभे करावे लागतात. समोर कोणी नसताना झटापट करणे हे फार कठीण काम त्या निभावतात. खर्चाच्या दृष्टीने ही कल्पना चोख आहे. पण कॅमेरा त्या आत्म्याच्या जागी उभा राहून नायिकेला न्हाणीघरातही न्याहाळतो, आणि प्रेक्षकाला त्या नजरेत सामील करून घेतो. चित्रपट ज्या वासनेला भयानक ठरवतो तिच्यावरच तिकिटे विकतो. कमी पैशांतल्या भयपटाचा हा जुना मोह आहे. रामसेंच्या चित्रपटांतही तो होता. स्त्रीचे शरीर हे सर्वांत स्वस्त आकर्षण मानले जाते. ‘लपाछपी’त नायिकेचे शरीर सतत पडद्यावर असूनही कॅमेरा तिच्या बाजूने राहतो, आणि या तुलनेत त्या चित्रपटाची खरी उंची कळते.

साई किरण यांचा ‘मसूदा’ (२०२२) आणखी वेगळा. हैदराबादच्या मध्यमवर्गीय वस्तीत मुलीला एकटीने वाढवणारी शिक्षिका नीलम (संगीता) आणि शेजारी राहणारा भित्रा तरुण गोपी (तिरुवीर) यांची ही गोष्ट. मुलगी झपाटली जाते आणि रात्री-अपरात्री नीलम शेजाऱ्याचे दार वाजवते. गोपीला पळून जावेसे वाटते, तरी तो जातो. भाड्याच्या घरांत शेजारधर्म किती लांबवर ताणला जाऊ शकतो याचे इतके नेमके चित्रण मोठ्या चित्रपटांतही दुर्मीळ आहे. नायक शूर नसल्यामुळे प्रत्येक जिना, प्रत्येक दार जड होते. पण हाही चित्रपट अडीच तासांहून अधिक लांबतो. मुलीला कोणी आणि का झपाटले याचा शोध गावोगाव फिरतो, विधींमागून विधी येतात, आणि गोपीच्या थरथरत्या हातांनी मिळवलेला ताण त्या धावपळीत सांडत जातो. भाषा, शहर, धर्म वेगळे. उत्तरार्धाचे दुखणे तेच.

शेवटची उणीव चित्रपटाच्या बाहेरची, वितरणाची आहे. भयपटाला काळोखे सभागृह, अनोळखी माणसांची सोबत आणि मध्येच थांबवता न येणारे दोन तास लागतात. छोट्या मराठी चित्रपटाला महाराष्ट्रातच सोयीचे खेळ मिळवताना झगडावे लागते. राज्याबाहेर, हैदराबादसारख्या शहरात, तो आला तर शनिवार-रविवारच्या एखाद्या खेळापुरता येतो. एका पडद्याची टॉकीज कमी होत गेल्याने जागाही आटली. हैदराबादेत हिमायतनगरच्या चौकाला लिबर्टीचे नाव उरले आहे, टॉकीज उरलेले नाही. अशा चित्रपटाची गाठ मग घरच्या पडद्यावर किंवा मोबाइलवर पडते. तिथे पाचटाचा बारीक आवाज छोट्या स्पीकरमधून निघतच नाही, दुपारच्या शांततेत कुकरची शिट्टी मिसळते, आणि प्रेक्षक भीती वाटताच चित्रपट थांबवतो. पुढच्या चित्रपटाचा दिग्दर्शक हे ओळखून आवाज आणखी चढवतो, दचके आणखी जवळ आणतो. म्हणजे जी गोष्ट त्याला फुकट मिळत होती, तीच तो सोडून देतो. ‘तुंबाड’ सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा चित्रपटगृहांत लागला आणि पहिल्या खेपेपेक्षा जास्त चालला, तेव्हा सभागृहात बसून घाबरण्याची हौस शिल्लक आहे हे सिद्ध झाले. पण ती संधी मिळण्यामागे सहा वर्षांत साठत गेलेले नाव आणि देशभर पोचणारी हिंदी भाषा होती. दोन आठवड्यांत उतरवल्या जाणाऱ्या मराठी भयपटाला असे नाव साठायला वेळच मिळत नाही, आणि त्याच्या निर्मात्याकडे दुसऱ्यांदा जाहिरात करण्याइतके पैसे तर कधीच नसतात.